सात ठिकाणांवरून टेकडी

रस्तेखात्यात मी ड्रायव्हर आहे. जीप चालवतो आणि वेळ पडली तर छत्री धरतो. ज्या पावसाळ्यातली ही गोष्ट आहे, त्या पावसाळ्यात माझ्या हातात स्टिअरिंगपेक्षा छत्रीच जास्त होती.

गावाबाहेर टेकडीच्या पायथ्यानं जाणारा रस्ता रुंद करायचा ठरला होता. त्यासाठी टेकडीची थोडी कड कापावी लागणार होती. काम सुरू करण्याआधी टेकडी आहे तशी सात ठिकाणांवरून फोटोत घ्यायची आणि ते फोटो फायलीला जोडायचे, असा नियम आहे. हे काम आमच्याकडे फोटोवाले काका करायचे. त्यांनी रस्त्याच्या कडेला पिवळ्या रंगानं सात आकडे घातले, प्रत्येक आकड्यापाशी कॅमेऱ्याच्या तिकाटण्याच्या पायांसाठी तीन ठिपके काढले, आणि मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. ते सुट्टीवर गेले. कॅमेरा त्यांचा स्वतःचा होता, तोही त्यांच्याबरोबर सुट्टीवर गेला.

खात्याचा नवा कॅमेरा वर्षभर स्टोअरच्या कपाटात खोक्यातच पडून होता. साहेबांनी ऑफिसभर नजर फिरवली. म्हणाले, "सरळ कोण धरेल?"

सगळ्यांनी ट्रेसरबाईंकडे पाहिलं.

इंजिनिअर लोक पेन्सिलीनं आराखडे काढतात, ते बाई पातळ कागदावर शाईनं उतरवतात. त्यांच्या टेबलाला वर काच आहे आणि काचेखाली ट्यूबलाइट. बावीस वर्षं त्या त्या काचेवर वाकून रेघा ओढताहेत. त्यामुळे त्यांच्या नजरेला वाकडं काही सोसत नाही. साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या की आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतात आणि मग बसतात. माझी आई आजारी होती तेव्हा भेटायला आल्या, चौकशी केली, औषधं विचारली आणि निघताना आमचा आरसा बोटभर उजवीकडे सरकवून गेल्या. ऑफिसात त्यांच्या माघारी सगळे त्यांना ओळंबा म्हणायचे. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. बाईंना हे माहीत होतं. त्यांना त्यात वावगं काही वाटत नसे.

"मला कॅमेरा येत नाही," बाई म्हणाल्या.

"कुणालाच येत नाही," साहेब म्हणाले. "तुम्हाला रेघ येते. बाकीचं पुस्तकात असेल."

पुस्तक होतं, चांगलं जाडजूड होतं, पण ऑफिसात कुणालाच न येणाऱ्या भाषेत. अक्षरं म्हणजे नुसती घरं आणि खिडक्या. कॅमेऱ्याच्या पडद्यावरही तीच घरं आणि खिडक्या. स्टोअरकीपरनं रजिस्टर पुढे केलं आणि बाईंची सही घेतली. त्यानं लिहिलं होतं, कोरडा दिला, कोरडा परत घेणार.

"पावसात फोटो काढायचे आहेत," बाई म्हणाल्या.

"ते बाहेरचं झालं," स्टोअरकीपर म्हणाला. "मी कपाटापुरता."

पाऊस चार दिवस उघडला नव्हता. आम्ही पहिल्या ठिकाणी पोचलो. बाईंनी तिकाटण्याचे तीन पाय तीन ठिपक्यांवर ठेवले, मी छत्री धरली, त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर एक पिवळा चौकोन आला आणि टेकडीवर इकडेतिकडे फिरू लागला. माणसाचं तोंड शोधायची त्या कॅमेऱ्याला खोड होती. टेकडीवर माणूस नव्हतं, म्हणून शेवटी तो एका दगडावर जाऊन बसला. बाई म्हणाल्या, "काढू दे त्याला." सातही ठिकाणं झाली. संध्याकाळच्या आत फोटो छापून साहेबांच्या टेबलावर गेले.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"ढग," बाई म्हणाल्या.

"आणि टेकडी?"

"मागे आहे."

"नियमात टेकडी लिहिलंय, बाई. उद्या पुन्हा जा."

दुसऱ्या दिवशी ढग जरा वर गेले होते, पण भिंगच धुरकटलं. स्टोअरच्या खोलीत यंत्रानं गारवा केलेला असतो. तिथून कॅमेरा बाहेरच्या दमट हवेत आणला की त्याच्या डोळ्यावर वाफ धरते. हे आम्हाला सातवा फोटो काढून झाल्यावर कळलं. सगळे फोटो दुधात बुडवून काढल्यासारखे आले. टेकडीची कड, मधला विजेचा खांब, खालची घरं हे सगळं असल्याचा संशय येत होता, इतकंच. त्यानंतर बाई कॅमेरा टॉवेलात गुंडाळून अर्धा तास जीपमध्येच ठेवत. तेवढा वेळ आम्ही दोघं समोरच्या काचेवरचे वायपर बघत बसायचो.

तिसऱ्या दिवशी वाफ नव्हती, पण थेंब होते. बाईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीला भिंगाएवढं भोक पाडून ती रबरबँडनं कॅमेऱ्याला बसवली होती. तरी वारा समोरून आला की थेंब भिंगावर यायचेच, आणि फोटोत टेकडीवर पांढरी बुडबुड्यांसारखी वर्तुळं उमटायची. शिवाय चार फोटोंत वरच्या कोपऱ्यात काहीतरी काळं आलं होतं.

"हे काळं काय?" साहेबांनी विचारलं.

"ड्रायव्हरदादांची छत्री."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

एवढ्या दिवसांत बाईंनी एक वही केली होती. पडद्यावरची एकेक खूण त्या वहीत हुबेहूब उतरवायच्या आणि पुढे लिहायच्या. हे दाबलं की उजेड वाढतो. हे दाबलं की रंग जातात, दाबू नये. हे दाबलं की दोन सेकंद थांबून मग फोटो निघतो, हात हलत नाही. हे दाबलं की काय होतं कळत नाही, पण वाजतं. एक खूण त्यांना फार आवडली. ती दाबली की पडद्याच्या मधोमध एक आडवी रेघ येई. कॅमेरा तिरका असेल तर रेघ लाल, सरळ झाला की हिरवी. ती पहिल्यांदा हिरवी झाली तेव्हा बाई तिच्याकडे इतका वेळ बघत राहिल्या, की माझा छत्रीचा हात अवघडला.

चौथ्या दिवशी ढग दहा-बारा मिनिटं पूर्ण वर गेले. आम्ही पळापळ करून सातही फोटो काढले. टेकडी स्पष्ट आली. बाईंनी फोटो साहेबांपुढे ठेवले आणि कॅलेंडर सरळ न करताच खुर्चीवर बसल्या, इतक्या त्या खूश होत्या.

साहेबांनी चौथ्या ठिकाणचा फोटो उचलला. "खांब वाकडा आलाय."

बाईंनी मान पुढे करून फोटो पाहिला.

"कॅमेरा तिरका धरला गेला असेल. बघा ना, मधला विजेचा खांब. उद्या पुन्हा काढा. फायलीत वाकडं काही नको."

ही गोष्ट ऑफिसभर व्हायला चहा यायचीही गरज पडली नाही. ओळंबा वाकडा झाला, असं कुणीतरी म्हणालं आणि मग सगळेच म्हणाले. बाईंनी दुपारी डबा उघडला, त्याकडे पाहिलं आणि पुन्हा लावून ठेवला.

पाचव्या दिवशी बाई पुन्हा निघाल्या. चौथ्या ठिकाणी रेघ हिरवी होईपर्यंत तिकाटण्याचे पाय खालीवर करत राहिल्या. हिरवी झाल्यावर मला दाखवली. म्हणाल्या, "दादा, तुम्ही साक्षीला आहात." मी हो म्हटलं. संध्याकाळी फोटो आला. खांब कालच्यापेक्षा जास्त वाकडा होता.

"बाई," साहेब मऊपणानं म्हणाले, "नवा कॅमेरा आहे, हाताला सवय नाही. मी समजू शकतो."

साहेब रागावले असते तर बाईंना चाललं असतं. त्यांनी समजून घेतलं, ते मात्र लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात आलो तर बाई खुर्चीवर उभ्या राहून व्हरांड्याच्या आढ्याला दोरा बांधत होत्या. दोऱ्याच्या टोकाला ऑफिसची जड कात्री लटकत होती. ती हलायची थांबेपर्यंत त्यांनी कुणाला व्हरांड्यातून जाऊ दिलं नाही, साहेबांनासुद्धा. मग तिकाटण्यावर कॅमेरा लावला, रेघ हिरवी केली आणि दोऱ्याचा फोटो काढला. एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून. फोटो छापून त्यावर पट्टी ठेवली. दोरा सरळ होता.

"कॅमेरा सरळ आहे," बाई म्हणाल्या. "मीही सरळ आहे."

मग वाकडं काय, हा प्रश्न उरला. माझ्याही डोक्यात तोच प्रश्न आला होता, पण तो मी मोठ्यानं विचारला नाही.

त्यांनी चौथ्या ठिकाणचे सगळे फोटो बाहेर काढले. पहिल्या दिवशीचा नुसताच ढग, तो बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशीचा दुधातला, तिसऱ्या दिवशीचा बुडबुड्यांचा, मग चौथा, पाचवा. काचेखालचा दिवा लावला आणि एकेका फोटोवर तोच पातळ कागद ठेवून रेघा उतरवायला सुरुवात केली. रस्त्याकडेची भिंत, पायथ्याचं गॅरेज, पाच घरांची छपरं, खांब, खांबाच्या वरची दोन झाडं. प्रत्येक दिवसाची शाई वेगळी. तिकाटण्याचे पाय रोज त्याच तीन ठिपक्यांवर होते, त्यामुळे घरांवर घरं तंतोतंत बसली. भिंतीवर भिंत बसली. खांब मात्र चार निघाले. खाली एकत्र आणि वर फाकलेले, पंजाची बोटं उघडावीत तसे.

"दादा, हे झाड बघा," त्या म्हणाल्या. "खाली आलंय."

"किती?"

"कागदावर सूतभर. तिकडे हातभर असेल." त्यांनी पेन ठेवलं. "खांब वाकत नाहीये. टेकडी सरकतेय."

हे बोलताना त्यांचं बोट कागदावर शेवटच्या घरावर होतं. तिथं कोण राहतं हे मला ठाऊक होतं. बाईंचे मामा. बाईंची आई लवकर गेली, तेव्हापासून लग्न होईपर्यंत मामांनीच त्यांना सांभाळलं होतं. मामा शाळेत गणित शिकवायचे. आता निवृत्त होऊन एकटे राहत होते, दोन खोल्या आणि पुस्तकं.

बाई कागद घेऊन साहेबांकडे गेल्या. मी दारात उभा होतो. साहेबांनी कागद उजेडाकडे धरला आणि बराच वेळ खाली घेतला नाही. मग म्हणाले, "मी भूगर्भ खात्याला लिहितो."

"उत्तर कधी येईल?"

"सात ते दहा दिवस."

"तोवर टेकडी थांबेल का?"

हे त्यांनी टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. साहेबांनीही तसंच उत्तर दिलं. "मला माहीत नाही, बाई. लोकांना घराबाहेर काढायचा अधिकार मला नाही. तुम्हालाही नाही." मग त्यांनी फोन उचलला. "वीजवाल्यांना मात्र सांगतो. खांब वाकतोय एवढं तर सांगता येईल. लाइन बंद करतील."

बाई बाहेर आल्या. कॅमेरा टॉवेलात गुंडाळला, काखेत धरला.

"गाडी काढता का?"

"लॉगबुकात कशासाठी लिहू?"

"फोटोसाठी."

टेकडीच्या पायथ्याशी गॅरेजमध्ये मिस्त्री एका ट्रकच्या खाली होता. बाईंनी वाकून त्याला सगळं सांगितलं. तो ट्रकखालूनच ऐकत होता, नुसते पाय दिसत होते. बाई सरकारी माणसासारखं बोलत नव्हत्या, त्यांना ते येतच नव्हतं. खांब, झाड, कागद, शाई, जसं झालं तसं सांगत गेल्या. शेवटी पायांनी विचारलं, "म्हणजे पडणार?"

"ते मला सांगता येत नाही. सरकतेय एवढं सांगता येतं."

"बाई, असं कुणी सांगितलं म्हणून गॅरेज उचलून नेता येतं का?"

"नाही येत," बाई म्हणाल्या. त्या सरळ उभ्या राहिल्या आणि सवयीनं आजूबाजूला बघू लागल्या. "तुमचं हे फाटक लागत नाही वाटतं?"

"तीन दिवस झाले अडतंय. पावसानं फुगलं असेल."

"लोखंडाचं आहे ना?"

पाय हलायचे थांबले. मिस्त्री बाहेर आला, फाटकापाशी गेला, ते ढकलून पाहिलं. वरचा कोपरा चौकटीला घासत होता. त्यानं फाटकावर हात फिरवला, मग चौकटीवर, मग खाली बसून जमिनीकडे पाहत राहिला. उठल्यावर एवढंच म्हणाला, "लोखंड कसं फुगेल."

संध्याकाळपर्यंत त्यानं चालणाऱ्या गाड्या चालवत आणि न चालणाऱ्या ओढत त्याच्या भावाच्या मोकळ्या जागेत नेऊन लावल्या. त्या रांगेत मिस्त्रीच्या शब्दाला वजन होतं. तो हलतोय म्हटल्यावर पुढच्या चार घरांनीही कुरकुरत सामान बांधलं. कुणी नातेवाइकांकडे गेलं, कुणी शाळेच्या हॉलमध्ये. एका बाईंनी जाताजाता आमच्या बाईंना विचारलं, "आणि नाही पडली तर?" बाई म्हणाल्या, "तर परत या."

मामांचं घर शेवटी घेतलं. सगळ्यात अवघड तेच होतं.

मामांनी दार उघडलं. उंच, किडकिडीत, चष्मा कपाळावर चढवलेला. "आलीस? पाय पूस." मग मला पाहून म्हणाले, "तुम्हीही."

बाईंनी टेबलावर कागद पसरला. मामांनी चष्मा खाली घेतला, चार दिवसांच्या चार रेघा पाहिल्या, सगळं ऐकून घेतलं.

"कोन कसा मोजलास?"

"कोनमापकानं."

"किती आला?"

"दुसऱ्या दिवसापासून साडेतीन अंश."

"फोटोवर मोजलास. खांब थोडा तुझ्या दिशेनंही झुकला असेल तर? ते फोटोत दिसणार नाही."

बाईंनी विचार केला. "म्हणजे खरा कोन कमी असेल?"

"जास्त असेल." मामांनी पेन्सिल मागून घेतली, कागदाच्या कडेला एक आकृती काढली, तिच्याखाली दोन ओळी लिहिल्या. "बघ. निदान चार, साडेचारही असेल. तुझं उत्तर चुकलंय."

"बरं झालं दाखवलंत. आता चला, मामा."

"कुठं?"

"माझ्याकडे."

"उत्तर चुकलेलं असताना?"

"मामा, ते कमी चुकलंय. खरं जास्त आहे, तुम्हीच म्हणालात."

"चूक ती चूक." त्यांनी पेन्सिल परत केली. "शिवाय खांब झुकला यावरून टेकडी पडेल हे सिद्ध होत नाही."

"नाही होत."

"मग?"

"मग सिद्ध होईपर्यंत माझ्याकडे राहा."

मामा खिडकीपाशी गेले. पाऊस पडतच होता. मी पायपुसण्यावर उभा होतो, हलायचं धाडस होत नव्हतं. बाईंनी कागदाची गुंडाळी केली, ती सुटली, पुन्हा केली. मामांनीही ते पाहिलं असावं, कारण ते एकदम म्हणाले, "किती दिवस?"

"भूगर्भ खात्याचं उत्तर येईपर्यंत."

"लेखी येणार आहे ना?"

"लेखी येईल."

त्यांनी पुस्तकांची एक ट्रंक, स्वतःची उशी आणि भिंतीवरचं घड्याळ घेतलं. घड्याळ मांडीवर धरून जीपमध्ये बसले.

बाईंचं घर दोन खोल्यांचं आणि वर गच्ची. त्यांचे यजमान औषधांच्या दुकानात कामाला. मामांनी बाहेरच्या खोलीत घड्याळ लावलं. बाईंनी जाताजाता ते सरळ केलं. मामा म्हणाले, ते वेळ बघण्यासाठी असतं. हे सगळं यजमानांनी मला नंतर सांगितलं.

दोन दिवस गेले. टेकडी जागच्या जागी होती. पाऊस मात्र रिमझिम झाला, मग थांबून थांबून पडू लागला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंदच झाला. गावात लोक मला विचारायला लागले, तुमचा ओळंबा काय म्हणतोय, उद्या सूर्य कुठून उगवणार. शाळेच्या हॉलमधली दोन कुटुंबं सकाळी परत जायचं म्हणून पिशव्या भरून बसली होती. मिस्त्रीसुद्धा दिवसातून तीनदा लांबून टेकडी बघून जायचा.

त्या संध्याकाळी बाईंना घरी सोडताना त्या जीपमध्ये म्हणाल्या, "नाही पडली तर चांगलंच आहे. पण मग या सगळ्यांना तोंड कसं दाखवू, असं मनात येतं." जरा वेळानं म्हणाल्या, "येऊ नये. पण येतं."

मी म्हटलं, "येणारच." याहून शहाणं मला काही सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ ऊन पडलं. इतक्या दिवसांनी आकाश निळं होतं. साहेब म्हणाले, "आज मिळेल तो फोटो घ्या. खांबाचं राहू दे. आता तो वाकडा आहेच." बाईंना घ्यायला गेलो तर मामा आधीच ट्रंक घेऊन दारात उभे, घड्याळ काखेत. पाऊस थांबला, म्हणजे पाहुणचार संपला, असं त्यांचं म्हणणं.

"उत्तर अजून आलेलं नाही, मामा."

"तू फोटो काढ. ते झाले की मला सोडा."

शाळेपाशी बाईंनी गाडी थांबवायला लावली आणि पिशव्या भरून बसलेल्या लोकांना, एवढे फोटो होईपर्यंत थांबा म्हणून सांगून आल्या. ते थांबले. कशासाठी ते त्यांनाही नीट कळलं नव्हतं.

पहिली तीन ठिकाणं झाली. ऊन असल्यामुळे मला काम नव्हतं. तरी हाताला बरं वाटावं म्हणून मी छत्री घेऊन उभा होतो. चौथ्या ठिकाणी बाई तिकाटणं लावत होत्या तेवढ्यात मामा जीपमधून उतरले. "दहा मिनिटांचा रस्ता आहे. मी होतो पुढे. ट्रंक मागाहून आणा." आणि घड्याळ काखेत घेऊन चालू लागले. बाईंनी मान वर केली, काहीतरी म्हणणार होत्या, पण मामांना अडवायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी पुन्हा पडद्यात पाहिलं.

रेघ हिरवी झाली. बाईंचं बोट बटणावर होतं. त्या म्हणाल्या, "खांब कुठाय?"

मी टेकडीकडे पाहिलं. खांब होता तिथं नव्हता. आवाज काहीच झाला नव्हता. तारा लोंबत होत्या, आणि वरची दोन झाडं उभ्याउभ्याच खाली येत होती, कुणी गाड्यावर ठेवून हळूहळू आणावीत तशी.

बाई म्हणाल्या, "मामा, थांबा."

ओरडल्या नाहीत. पण तसा सूर त्यांनी मामांपुढे कधी काढला नसावा. मामा पन्नास-साठ पावलं पुढे गेले होते. ते थांबले, पूर्ण वळले आणि म्हणाले, "का?"

बाई उत्तर द्यायला थांबल्या नाहीत. त्या धावल्या. बावीस वर्षांत मी त्यांना धावताना पाहिलं नव्हतं. त्यांनी मामांचं कोपर पकडलं आणि त्यांना आमच्याकडे ओढत आणलं. मामा अर्धे उलटे चालत होते, घड्याळ रस्त्यावर पडलं. मीही पळालो आणि दुसरं कोपर धरलं. मग आवाज आला. खडीचा ट्रक रिकामा करतात तसा, पण ट्रक संपतच नव्हता. आम्ही मागे पाहिलं तेव्हा गॅरेज नव्हतं, शेजारची दोन घरं नव्हती आणि रस्ता नव्हता. त्या जागी ओली माती होती, तिच्यातून मुळं वर आलेली. मामा जिथं वळले होते तिथून ती पंधरा-वीस पावलांवर थांबली होती.

कुठंतरी पाणी वाहत होतं.

"घड्याळ पडलं," मामा म्हणाले.

मग ते रस्त्याकडेच्या भिंतीवर बसले. बाई शेजारी बसल्या. त्यांनी मामांचं कोपर अजून सोडलं नव्हतं. मी पाण्याची बाटली आणली. दोघं पाणी प्यायली. मग मी प्यायलो.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मिस्त्री आला, कमरेवर हात ठेवून ढिगाऱ्याकडे पाहत उभा राहिला. त्याच्या गॅरेजमध्ये एकच स्कूटर राहिली होती. तिचा मालक दोन वर्षं ती न्यायला फिरकला नव्हता. तो दुसऱ्या दिवशी आला. शाळेतल्या लोकांनी पिशव्या उघडून पुन्हा सामान लावलं. नाही पडली तर, असं विचारणाऱ्या बाई आमच्या बाईंपाशी आल्या, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि गेल्या.

वरच्या ऑफिसातून पत्र आलं. घटनेच्या वेळी कॅमेरा जागेवर, चालू स्थितीत आणि कर्मचारी हजर असताना दरड कोसळतानाचा फोटो का घेतला गेला नाही, याचा खुलासा करावा. बाईंनी लिहिलं, त्या वेळी हात मामांच्या कोपराला होता. साहेबांनी ते वाचलं, एक स्वल्पविराम घातला आणि तसंच पुढे पाठवलं. भूगर्भ खात्याचं उत्तर नवव्या दिवशी आलं. टेकडीचं निरीक्षण चालू ठेवावं, असं त्यात होतं. साहेबांनी त्यावर लिहिलं, झाले. आणि बाईंच्या चार शायांचा तो कागद सगळ्यात वर लावून फाइल वर पाठवली. तो कागद कुणी काढला, कधी दाखवला, आणि आपण त्यावर काय केलं आणि काय केलं नाही, हे सगळं त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं.

मामांचं घर मात्र उभं होतं. माती अलीकडेच थांबली होती. त्यांच्या घराच्या एका काचेलाही तडा गेला नव्हता.

"माझं घर पडलं नाही," मामा म्हणायचे.

"नाही, मामा."

"म्हणजे तुझा अंदाज चुकला."

"हो. रस्ता पडला."

यावर मामा पुस्तकात डोकं घालायचे. पण दुसऱ्या दिवशी घरी कुणी आलं की पुन्हा सुरुवात, हिचा अंदाज चुकला, माझं घर उभं आहे. आणि लगेच पुढे सगळी हकीकत सांगायचे, चार रेघांपासून. त्यातला दोऱ्याला कात्री बांधल्याचा भाग ते दोनदा सांगायचे. रेघ कशी ओढतात हे बघायचं असेल तर हिच्या ऑफिसात जा, असंही म्हणायचे, फक्त बाई स्वयंपाकघरात असल्या तर.

रस्ता मोकळा व्हायला अडीच महिने लागले. झाल्यावर पहिल्याच रविवारी मी दोघांना घेऊन गेलो. मामांनी कुलूप उघडलं. आत कोंदट वास होता. ते दोन्ही खोल्यांतून फिरले, दारं लावून उघडून पाहिली, मागच्या खिडकीतून टेकडीची उघडी पडलेली बाजू पाहिली. बाई खिडक्या उघडत होत्या. मामा खुर्चीवर बसले, जरा वेळ बसून राहिले आणि उठले.

"गादी ओली आहे," ते म्हणाले. "आज राहू दे."

पुढच्या रविवारी भिंतीला ओल आहे म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारी ते जीपपर्यंत आलेच नाहीत. माझ्या हातात पुस्तकांची यादी दिली, कप्प्यांप्रमाणे आकडे घातलेली. बाई आणि मी जाऊन ती पुस्तकं आणली. काहींना बुरशी धरली होती, म्हणून बाईंनी ती गच्चीवर उन्हात उघडून मांडली. मामा त्यांच्यामध्ये स्टूल टाकून बसले आणि एकेक पान उलटत राहिले. दुपारी यजमान दुकानातून आले, गच्चीवर डोकावले, पुस्तकांकडे पाहिलं, जिना उतरून खाली गेले आणि बाहेरच्या खोलीतल्या भिंतीचं माप घेऊ लागले.